बेलाच्या बुडाशी अर्थिंग

आमच्या गावात रेडिओ दुरुस्त करणारा माणूस म्हणून दहा वर्षं माझ्या नवऱ्याचं नाव होतं. त्यांना पेचकस कोणत्या हातात धरायचा हेसुद्धा धड माहीत नव्हतं. माणूस सज्जन, तोलून मापून बोलणारा, तूर आणि ज्वारी हातात घेऊन नुसत्या वासावरून ओळखणारा; पण रेडिओचं मागचं झाकण काढलं की त्यांना घाम फुटायचा. दुरुस्ती करायचे मी, आणि नाव व्हायचं त्यांचं. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो प्रकार. आता हे उघड लिहायला हरकत नाही, कारण त्या नागोबानेच शेवटी बीळ सोडलं आणि ते कसं सोडलं तेच मला सांगायचं आहे.

माझं माहेर नांदेड. वडील रेडिओ दुरुस्त करायचे. ते निजामाच्या राज्यात एका उस्तादाच्या हाताखाली शिकले. उस्ताद दख्खनीत शिव्या द्यायचे आणि त्याच शिव्यांमधून वडिलांना व्हॉल्व्ह, कॉइल, कंडेन्सर सगळं समजलं. मी आठ-नऊ वर्षांची असताना वडिलांनी मला एक खेळणं करून दिलं होतं. पुठ्ठ्याच्या नळीवर गुंडाळलेली तार, चण्याएवढा चकाकता दगड, त्याला टोचलेली बारीक सळई आणि कानाला लावायचा एक जुना फोन. त्याला ना वीज, ना सेल. सळई दगडावर नेमक्या जागी टेकली की हैदराबादचा माणूस कानात बोलायला लागायचा. हवेतून आलेल्या लहरीच्या जोरावरच तो बोलतो हे वडिलांनी सांगितलं, तेव्हा मी दोन दिवस नीट जेवले नाही. त्यानंतर भातुकली मी हातात घेतली नाही. मॅट्रिक होईपर्यंत मला तारांच्या जोडांना कथलाचा डाग देता येत होता, व्हॉल्व्ह तपासता येत होता, आणि आवाज ऐकून दुखणं कुठं आहे ते वडिलांच्या आधी सांगता येत होतं. ही बढाई नाही. असली तरी असू द्या.

लग्न ठरलं ते जळकोटजवळच्या एका मोठ्या खेड्यात. सासरी धान्याची आडत, घरात लिंगपूजा, गावात मान. निघताना आईने बजावलं की सासरी रेडिओचा 'र' काढायचा नाही, पोरगी डाग देते हे कळलं तर लोक म्हणतील की बापाने मुलगा समजून वाढवली. मी हो म्हटलं. त्या वयात माणूस कशालाही हो म्हणतो.

सासऱ्यांना मी मामा म्हणायची आणि सासूबाईंना आत्या. गावात वीज आली त्याच वर्षी मामांनी लातूरहून मोठा व्हॉल्व्हचा रेडिओ आणला होता. लाकडी पेटी, पुढे सोनेरी कापड, आणि एक हिरवा डोळा, जो स्टेशन नीट लागलं की मिटत यायचा. बटण दाबल्यावर आतल्या काचेच्या नळ्या, म्हणजे व्हॉल्व्ह, तापेपर्यंत थांबावं लागे, आणि तेवढा वेळ मामा हात बांधून उभे राहत, पूजेला उभे राहतात तसे. घरावर दोन बांबूंमध्ये ताणलेली एरियलची जाळी होती. दुसरी तार खाली जमिनीत गेलेली, कारण रेडिओला हवा लागते तशी मातीही लागते. आकाशातून आलेली लहर जमिनीत उतरायला वाट हवी, नाही तर आवाज क्षीण होतो आणि खरखर वाढते. त्याला अर्थिंग म्हणायचं. खड्डा खणून त्यात कोळसा, मीठ आणि तांब्याची पट्टी पुरतात, आणि तो खड्डा ओला ठेवतात. हे शेवटचं मात्र मामांना कोणी सांगितलं नव्हतं, किंवा सांगितलं असेल तर ते विसरले होते.

खड्डा कुठे खणायचा याचा विचार मामांनी रेडिओच्या दृष्टीने केलाच नव्हता. परसात बेलाचं झाड होतं, त्याच्या बुडाशी माती मऊ होती म्हणून मजुराने तिथेच खणला. आता बेलाखालची माती मऊ का होती? आमच्याकडे घरातला प्रत्येक माणूस रोज आंघोळ करून तळहातावर लिंग घेऊन पूजा करतो. त्या पूजेतलं थोडं पाणी तीर्थ म्हणून पितात. उरलेलं पायदळी जाता कामा नये, म्हणून बेलाला घालतात. पाच माणसांच्या पूजेचं पाणी रोज सकाळी त्या खड्ड्यात जात होतं. दोन वर्षं रेडिओ खणखणीत वाजला, तो देवाच्या कृपेने की पाण्याच्या, हे कोणाच्या डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही, हे कबूल करते.

मग बहात्तरचा दुष्काळ आला.

विहिरींचे तळ दिसायला लागले. टँकर दोन दिवसांआड यायचा आणि आत्या घागरींना कुलूप लावायच्या तेवढ्या बाकी होत्या. आंघोळीला माणशी एक तांब्या. पूजेला पळीभर पाणी, आणि ते पळीभरही सगळं तीर्थ म्हणून घशात. खरकट्याचं पाणी म्हशीला. बेलाला काहीच नाही. गावातल्या लोकांना त्या काळात रेडिओ पहिल्यांदा खरा लागला. दुष्काळी काम कुठे निघालं, बाहेरचं धान्य कधी येणार, लातूरच्या बाजारात ज्वारीचा भाव काय, हे सगळं संध्याकाळी आमच्या ओट्यावर ऐकायला माणसं जमायची. आणि नेमका त्याच दिवसांत रेडिओ खंगत चालला. आधी आवाज बारीक झाला. मग पिठाच्या गिरणीची खरखर त्यात शिरली. महिन्याभरात अशी गत झाली की बातम्या देणारा माणूस विहिरीच्या तळातून बोलतोय असं वाटावं.

मामांनी उदगीरहून कारागीर बोलावला. त्याने एक व्हॉल्व्ह बदलला. फरक नाही. आठ दिवसांनी परत येऊन त्याने दुसरा बदलला. तरी फरक नाही. मी दाराआड उभी राहून त्याचे हात पाहत होते आणि माझे हात शिवशिवत होते. त्याने एकदाही मान वर करून तार कुठे जाते ते पाहिलं नाही. नाचता येईना अंगण वाकडं, तसं जाताना म्हणाला की हा सेटच म्हातारा झाला. तोवर समोरच्या कापडवाल्याने खिशात मावेल एवढा ट्रान्झिस्टर आणला होता. त्याला ना व्हॉल्व्ह तापवायचा, ना एरियल, ना अर्थिंग. आवाज दहा माणसांपुरता, पण स्वच्छ. आमच्या ओट्यावरची माणसं एकेक करून तिकडे सरकली. मामाही संध्याकाळी ओट्यावर बसेनासे झाले. पुढच्या सोमवारी गाडीत घालून सेट उदगीरला न्यायचा आणि मिळेल त्या बदल्यात देऊन टाकायचा असं त्यांनी ठरवलं.

शनिवारी सकाळी मी रेडिओवरची धूळ पुसत होते. तो चालूच होता, खरखरत. पुसताना मागच्या बाजूला अर्थिंगची तार जोडायच्या खिट्टीला माझं बोट लागलं, आणि बातम्या देणारा माणूस एकदम खोलीत येऊन बोलायला लागला. बोट काढलं, परत विहिरीत गेला. परत लावलं, परत आला. मी अनवाणी होते, पायाखाली सारवलेली जमीन होती. म्हणजे रेडिओला माती हवी होती आणि ती त्याला माझ्या अंगातून मिळत होती. सेट म्हातारा नव्हता. तहानलेला होता. मला तिथेच हसू आलं, आणि लगेच रडूही, कारण हे मी सांगणार कोणाला?

नवऱ्याला सांगितलं. ते म्हणाले, बरोबर असेल, पण अप्पांना, म्हणजे मामांना, कोण सांगणार. सुनेने कारागिराला खोटं पाडायचं? आणि पाडायचं कशाने, तर दुष्काळात पाणी मातीत ओतून? मी म्हटलं, माझ्या वाट्याचं ओतते. शनिवार, रविवार मी आंघोळ केली नाही. पूजा नुसती भस्म लावून केली. दोन तांबे पाणी आणि प्यायच्या पाण्यातलं वाचवलेलं मिळून अर्धी कळशी झाली. रविवारी दुपारी सगळे पडले असताना मी कळशीत दोन मुठी मीठ कालवलं, बेलाच्या बुडाशी काडीने भोकं पाडली आणि हळूहळू ओतायला लागले. माती इतकी कोरडी होती की पाणी पडलं की चुर्र आवाज यायचा.

मागे आत्या उभ्या होत्या.

आत्या निलंग्याच्या. राग आला की मराठी सोडून कन्नडवर जायच्या. त्या दिवशी अर्धं मराठी, अर्धं कन्नड असं जे काही त्या बोलल्या ते मी लिहीत नाही. शेवटी मात्र त्यांनी निव्वळ मराठीत विचारलं, "लोक पान्यासाठी मरायलेत, आन् तू मातीत ओतायलीस? तुला कळतं का काय?"

"कळतं आत्या," मी म्हटलं. "मला रेडिओ कळतो. दुसरं काय न्हाई कळत, पण रेडिओ कळतो."

लग्न होऊन दीड वर्ष झालं होतं आणि सासरी माझा आवाज पहिल्यांदा एवढा चढला होता. आवाजाने मामा बाहेर आले. कळशी रिकामी झाली होती, आता लपवण्यासारखं काही नव्हतं. मी सगळं सांगून टाकलं: वडिलांचा उस्ताद, बोट, खिट्टी, पूजेचं पाणी. मामांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग ते आत गेले आणि बटण दाबलं. व्हॉल्व्ह तापेपर्यंतचा तो वेळ मला माझ्या बाळंतपणापेक्षा लांब वाटला, आणि बाळंतपणं मी पुढे दोन केली आहेत, म्हणून तुलना करू शकते.

रेडिओ बोलला. खणखणीत बोलला. हिरवा डोळा मिटत मिटत बारीक रेघ झाला. गिरणीची खरखर कुठल्या कुठे गेली. आत्यांनी पदर तोंडाला लावला. मी जिंकले होते, आणि जिंकल्यावर माणसाने नम्र असावं वगैरे मला तेव्हाही जमलं नाही. मी मामांकडे सरळ पाहिलं.

मामांनी आवाज आणखी मोठा करून पाहिला. मग म्हणाले की सेट उदगीरला जाणार नाही, आणि उद्यापासून सगळ्यांच्या तोंड धुतलेल्या पाण्याचा वाटा बेलाच्या खड्ड्याला. पूजेचं पाणी ज्या जागी पडायचं तिथे चुळीचं पाणी नको म्हणून आत्यांनी हरकत घेतली, तेव्हा मामांनी खड्डा चार हात बाजूला सरकवला. शेवटी मला म्हणाले, "हात चालू द्या सूनबाई. घरात बसून करा. पन नाव पोराचंच राहील. बाईमानसानं रेडिओ उघडला म्हनून गावानं तोंडात बोट घालायला नको."

त्या क्षणी मला ते फार मोठं दान वाटलं. दानात दगड किती आहेत ते हळूहळू कळत गेलं.

संध्याकाळी ओटा परत भरला. कापडवाला स्वतः आला. "मालकांनी रेडिओ जित्ता केला" अशी माझ्या नवऱ्याच्या नावाने बातमी पसरली आणि लोक आपापली यंत्रं घेऊन यायला लागले. दुष्काळ सरला, हातात चार पैसे आले तसे ट्रान्झिस्टर वाढले. लोह्याच्या बाजारातून घेतलेले, किनवटकडच्या पाव्हण्याने दिलेले, हुंड्यात आलेले. नवरा ओट्यावर सेट घेई, डोकं हलवी, "बघतो" म्हणे, आणि आत आणून माझ्यापुढे ठेवी. मी माजघरात डाग द्यायची. व्हॉल्व्हची सवय असलेल्या मला ट्रान्झिस्टर आधी परका वाटला. व्हॉल्व्ह बिघडला की दिसतो, काळवंडतो, विझतो. ट्रान्झिस्टर गुपचूप मरतो. जास्त वेळ डाग दिला तरी मरतो. चार-पाच मी मारले, मग त्याच्या पायाला चिमट्याने धरून उष्णता ओढून घ्यायची युक्ती वडिलांनी पत्रातून कळवली. गिऱ्हाइकाला काही विचारायचं असेल तर मी नवऱ्याला सांगायची, ते बाहेर जाऊन विचारायचे, उत्तर घेऊन आत यायचे. दहा वर्षांत एका गिऱ्हाइकाशी मी थेट बोलले नाही.

सगळ्यात जास्त झोंबलं ते शाळेचं. शाळेचा रेडिओ मी तीन दिवस खपून बरा केला आणि गुरुजींनी स्वातंत्र्यदिनाला माझ्या नवऱ्याचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला. मी बायकांत बसून टाळ्या वाजवल्या. घरी आल्यावर त्यांनी ती शाल माझ्या अंगावर घातली. मी ती काढून खुंटीला अडकवली आणि म्हटलं, चारचौघांत घातली असतीत तर घेतली असती. त्यांना वाईट वाटलं. मला वाईट वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही.

अशात लातूर जिल्हा व्हायचं ठरलं. आमचा जिल्हा तोवर उस्मानाबाद. कचेरीच्या एका कागदासाठी माणसाने दशमी बांधून निघावं आणि मुक्काम करून यावं, तेव्हा साहेब भेटला तर भेटला. लातूर म्हणजे आमच्या आडतीचं गाव, ओळखीचं, सकाळी जाऊन संध्याकाळी परत येण्यासारखं. जिल्हा झाला त्या दिवशी गावातले पुढारी समारंभाला गेले आणि उरलेलं गाव आमच्या ओट्यासमोर जमलं, कारण संध्याकाळच्या बातम्यांत आपल्या जिल्ह्याचं नाव ऐकायचं होतं. घरोघरी ट्रान्झिस्टर होते, पण दोनशे माणसांना पुरेल असा आवाज फक्त आमच्या व्हॉल्व्हच्या सेटला होता. मामांनी तो बाहेर टेबलावर ठेवला, हार घातला. आम्ही बायका दाराआड.

बातम्यांना दहा मिनिटं असताना सेट गुणगुणायला लागला. आधी भुंग्यासारखं, मग इतकं मोठं की गाणं बुडून गेलं. मला ऐकताक्षणी कळलं की विजेची गुणगुण गाळून टाकणारा मोठा कंडेन्सर वाळला. तसा कंडेन्सर माझ्या डब्यात होता. काम पाच मिनिटांचं. बाहेर लोक म्हणायला लागले, मालक, बघा की. नवऱ्याने झाकण काढलं, आत पाहिलं, आणि पाणी पिऊन येतो म्हणून माझ्याकडे आले. हा आमचा नेहमीचा रिवाज होता.

मी त्यांना तांब्या दिला. आणि म्हटलं की हे सांगून होणार नाही, डाग द्यावा लागेल. मी बाहेर येते, नाही तर राहू द्या. जिल्ह्याचं नाव गेलं तर गेलं.

दोनशे माणसांची संध्याकाळ मी पणाला लावली होती, आणि ती माझ्या मालकीची नव्हती. पण दहा वर्षं जे गिळलं होतं ते त्या दिवशी घशाखाली उतरेना. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, तांब्या तसाच खाली ठेवला, आणि बाहेर गेले. मामांनी विचारलं, काय झालं.

"अप्पा, मला न्हाई येत," ते म्हणाले. मोठ्याने म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "मला कधीच येत नव्हतं. ह्या सगळ्यांचे रेडिओ हिनं दुरुस्त केलेत."

बाहेर नुसती गुणगुण राहिली. मला मामांची पाठ दिसत होती. या माणसाने गावात शब्द फिरवल्याचं कोणी पाहिलं नव्हतं. ते वळले, खुर्चीवरून उठले, आणि ती खुर्ची उचलून स्वतः टेबलामागे ठेवली.

"सूनबाई, भाईर या," ते म्हणाले. "बसा हितं. टाइम न्हाई."

मी डबा घेऊन बाहेर आले. पदर कमरेला खोचला. नवऱ्याने डाग द्यायचं लोखंड तापत ठेवलं, एवढं त्यांना येत होतं. जुना कंडेन्सर काढत बसायला वेळ नव्हता, म्हणून सेट बंद करून आत साठलेली वीज उतरवली, नवा त्याच्याच पायांवर आडवा ठेवला, दोन डाग दिले, आणि बटण दाबलं. व्हॉल्व्ह तापू लागले. गाव हात बांधून उभं. गुणगुण आली नाही. आधी नुसती शांतता, मग बातम्या देणाऱ्या बाईचा आवाज, स्वच्छ, वेशीपर्यंत जाणारा, आणि तिसऱ्या का चौथ्या वाक्यात आमचं लातूर. लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. टाळ्या जिल्ह्यासाठी होत्या, हे मला ठाऊक आहे. निम्म्या मी घेतल्या. आजही परत देणार नाही.

बातम्या संपल्यावर माणसं पांगायला लागली. जळकोटचा एक शेतकरी धोतराच्या सोग्यात गुंडाळलेला ट्रान्झिस्टर घेऊन पुढे आला आणि सवयीने तो नवऱ्यापुढे धरला. नवऱ्याने तो घेतला, वळून माझ्यापुढे टेबलावर ठेवला आणि बाजूला झाले. शेतकरी घोटाळला. मामांकडे पाहिलं, तर मामा रेडिओचा हार काढत होते. मग त्याने माझ्याकडे बघून विचारलं की कवा मिळंल.

मी झाकण उघडलं, जुन्या सेलचं पाणी पाझरून आतल्या स्प्रिंगवर हिरवी बुरशी चढली होती.

"परवा या," मी म्हटलं. "आन् दादा, पुढच्या वक्ती सेल आत ठेवून गावाला जाऊ नका."